उद्धवरावांचे घरगुती सिग्नल

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच माझ्या सख्ख्या मुलानं फोडली, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत. होळीचा आठवडा होता. मी ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते. काचेचा तुकडा मेथीत येऊन पडला तेव्हा मी वर पाहिलं, तर खिडकीत कुलदीपचं तोंड. घामानं थबथबलेलं आणि पांढरंफटक. त्याच्या मागे गल्लीतली सात-आठ माणसं.

पोरगा पुण्याहून न सांगता आला होता. फाटकाला आतून कुलूप. चाळीस मिनिटं त्यानं बेल वाजवली, फाटक बडवलं, फोन लावला. फोन माझ्या शेजारीच तांदळाच्या डब्यावर पालथा पडला होता. त्या दिवशी आम्ही कूलर त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू केला होता आणि त्याच्या घरघरीत मी अगदी सुखात होते. यजमान बँकेत गेले होते. शेवटी पोरानं फाटकावरून उडी मारली आणि वीट उचलली.

मी जिवंत आहे हे पाहून तो आधी रडला आणि मग भांडला.

तर आता सांगूनच टाकते. तीन वर्षांपासून मला कमी ऐकू येतं. कमी म्हणजे, बारीक आवाज गेले: कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोनमधून येणारं बोलणं. जाड आवाज टिकले: ट्रक, कूलर आणि माझ्या यजमानांचं घोरणं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. ते लावलं की ताट-वाट्या डोक्यात आपटतात आणि उन्हाळ्यात कानाला घामोळं येतं. ते डबीत, डबी कपाटात.

आणि मी ही गोष्ट कोणाला कळू दिली नव्हती, असा माझा समज होता. अमरावतीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे मी. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारी चारुशीला मॅडम. ती कुठल्या तोंडानं "काय? काय म्हणालात?" करत फिरणार? मी माझे उपाय शोधले. कुकरला घड्याळ लावलं, डाळीला अठरा मिनिटं. लग्नात कोणी बोललं की मान हलवायची, समोरचा हसला की हसायचं. फोनवर "हो का? वा, छान!" एवढं दर दोन वाक्यांनी म्हणायचं. फोनवर माणसं बहुतेक चांगलंच सांगतात, त्यामुळे ते बसून जातं. माझं तर सगळं बसून जात होतं, काच फुटेपर्यंत.

कुलदीपनं त्याच संध्याकाळी निकाल दिला. "तुम्ही दोघं पुण्याला चला. खालची खोली रिकामी आहे. आईला इथे एकटं ठेवणं आता बरोबर नाही."

पुण्याचं मला वावडं नाही. चार वेळा जाऊन आले आहे. पण तिथली माणसं ओठ न हलवता बोलतात. समोरच्याला त्रास नको म्हणून अर्धं वाक्य स्वतःच गिळतात. आपला वऱ्हाडी माणूस रस्त्याच्या पलीकडून, सगळं तोंड उघडून, दात दाखवून विचारतो, "काय मॅडम, काय चाल्लं?" त्याचं बोलणं मला कानांशिवाय वाचता येतं. बडनेऱ्यात मला फक्त कमी ऐकू येतं. पुण्यात मी ठार बहिरी होते. सूनबाई प्रणाली तिथलीच, गुणाची पोर, पण तिचं बोलणं मला चार वर्षांत चार आणे कळलं असेल. त्या खालच्या खोलीत उरलेलं आयुष्य मान हलवत काढायचं, ह्या विचारानंच मला घाम फुटला. हे सगळं मी अर्थातच बोलले नाही. मी म्हटलं, "माझी तुळस कोण पाहीन?"

उद्धवराव, म्हणजे माझे यजमान, दोन दिवस गप्प होते. बडनेरा जंक्शनवर सिग्नलच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. घरात तीन शब्द बोलतात, त्यातला एक "चहा" असतो. तिसऱ्या दिवशी कुलदीप निघताना ते एकदम म्हणाले, "अखाजीले ये. मी अकोल्याले सूर्यभान दोस्ताकडं जेवाले जातो त्या दिवशी, तवाच ये. कोन्त्या गाडीनं येतं ते सांगू नको. बेल वाजव. पाच मिन्टांत दार उघडलं त् तुही माय अठीच राहीन. नाई उघडलं त् मी सोता सामान बांधून देतो." अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती.

"आणि ती ऐकणार कशी?" कुलदीपनं विचारलं.

"ऐकनार नाई. पाहीन."

मला विचारलं कोणी? मी काय शंकरपटातला बैल आहे, माझ्यावर पैज लावायला? मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते अमरावतीला जीवनच्या दुकानात गेले होते.

जीवनचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याच्याकडून उद्धवरावांनी तीन रिळं आणली. चपटी पट्टी, तिच्यात मोहरीएवढे दिवे, हजार रंगांचे. प्रत्येक पट्टीला एक छोटा कंट्रोलर. सोबत एक पांढरी डबी, साबणाच्या वडीएवढी. ती डबी म्हणे सगळ्या घराचा मेंदू. दाराची बेल, गॅसजवळ आवाज ओळखणारं एक यंत्र आणि ह्या पट्ट्या, सगळं तिला जोडायचं. बेल वाजली की डबीला कळणार, डबी पट्टीला सांगणार आणि पट्टी मला.

सांगायला सोपं. प्रत्यक्षात आमच्या घरात महिनाभर भूकंप होता. पट्टीला मागून गोंद असतो, तो आमच्या डिस्टेंपरवर आणि चव्वेचाळीस डिग्रीत दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टी वरणाच्या पातेल्यात. मग उद्धवरावांनी वीत-वीत अंतरावर खिळे ठोकले. मग पट्टी वाय-फायला जोडली जाईना. मोबाईल घेऊन ते घरभर फिरत, चष्मा कपाळावर, ओठ आवळलेले. चार दिवसांनी जीवननं फोनवर उलगडून सांगितलं: वाय-फाय दोन जातींचं असतं. नवं, वेगवान वाय-फाय ह्या पट्टीला दिसतच नाही, तिला जुनं आणि सावकाश चालणारंच लागतं. उद्धवरावांना पट्टीविषयी आपुलकी वाटायला लागली ती तेव्हापासून.

डबी तिला जोडलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव विचारते. लोक "किचन", "हॉल" असं लिहितात. आमच्याकडे बडनेऱ्यापुढची स्टेशनं: स्वयंपाकघर म्हणजे मूर्तिजापूर, हॉल म्हणजे बोरगाव आणि फाटकावरची बेल म्हणजे अकोला.

"अकोला काहून?" मी विचारलं. अबोला तोडावाच लागला.

"तुह्या माहेरचे लोक तिकूनच येते."

लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत. ह्या माणसानं मला कधी गजरा आणला नाही. पण फाटकाच्या बेलला माझ्या माहेरचं नाव दिलं, आणि ते सांगताना मान खाली घालून स्क्रू आवळत होते. मला काय वाटायचं ते वाटलं. मी चहा टाकला.

रंगांवरून भांडण झालं. सगळं ठीक असेल तर दिवसभर हिरवा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की पिवळा. बेल वाजली की, मी म्हटलं, निळा.

"निया रंग सिग्नलात नसते."

"घरात असते."

निळा ठरला. पण चौथा रंग त्यांनी मला न विचारता टाकला आणि खरी कटकट तिथून सुरू झाली. काही बिघाड झाला, डबीचा निरोप मिनिटभर पट्टीपर्यंत पोहोचला नाही, की सगळ्या पट्ट्यांनी आपणहून लाल व्हायचं. जीवन घरी आला होता हे बसवायला. तो समोरच बसला होता, त्यामुळे मला सगळं कळलं.

"काका, असं कोणी करत नाई," तो म्हणाला. "नेट गेलं त् पट्टी जशी आहे तशी राह्यते."

"जशी आहे तशी? म्हंजे हिरवी?"

"हो."

"मंग त् अपघात होते ना गा!" उद्धवराव इतक्या मोठ्यानं ओरडले की ते मलासुद्धा ऐकू आलं. "बिघडलेल्या सिग्नलनं हिरवं दाखवाचं? कोन्त्या शायेत शिकला तू?"

जीवननं मुकाट्यानं लाल बसवून दिला.

आता आमच्याकडे उन्हाळ्यात नेट केव्हा जाईल ह्याचा नेम नाही. दिवसातून चार-चारदा घर लाल. मी भाकरी थापते आहे, लाल. मी पूजेला बसले, देवांसकट लाल. शेजारची वर्षाली एकदा खिडकीतून उजेड पाहून पाण्याची बादली घेऊनच धावत आली. तिला वाटलं, आग लागली. एकदा मी दचकून मागे सरले आणि तुपाचं भांडं सांडलं. साजूक तूप, घरचं. त्या दिवशी माझा तोल सुटला.

"तो लाल आत्ताच्या आत्ता काढा," मी म्हटलं. "नाहीतर मी सगळ्या पट्ट्या उपटून उकिरड्यावर टाकते. बाकीच्या लोकांच्या घरी बिघडलं तर कोणाले कळत नाई. तसंच राहू द्या आपलंही!"

उद्धवराव तूप पुसत होते. ते उठले, हात धुतले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, मला त्यांचं तोंड दिसेल असे.

"पाह्य," ते म्हणाले. "सिग्नल बिघडतेच. कोन्ताई बिघडते. त्याचं कोणाले काई वाटत नाई. तो लाल होते, गाडी थांबते, मंग मानूस झेंडी घेऊन रुळाजवळ उभा राह्यते आन् गाडी काढून देते. उशीर होते, पण कोणी मरत नाई. मानसं मारते तो हिरवा. आतून बंद पडला आन् बाहेरून हिरवा."

मी तुपाचं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं.

"तीन वर्षं तू मले हिरवा दाखवून राह्यली," ते म्हणाले.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. तीन वर्षं मी मान हलवत होते आणि हा माणूस समोर बसून, मला कळलं नाही हे ओळखून, तेच वाक्य थोड्या वेळानं पुन्हा, दुसऱ्या निमित्तानं बोलत होता. मला वाटायचं, म्हातारपणी त्यांना एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय लागली. मी आत जाऊन थोडा वेळ मूर्तिजापूरच्या हिरव्या उजेडात उभी राहिले. लाल तसाच ठेवला.

अखाजीच्या दिवशी उद्धवराव आठच्या गाडीनं अकोल्याला गेले. जाताना त्यांनी तिन्ही पट्ट्या, बेल, डबी तपासली. मला म्हणाले, "घाबरू नको." आणि डबी पुन्हा एकदा तपासली.

मी पुरण घातलं. आंब्याचा रस काढला. पितरांचं पान वाढून ठेवलं. पण खरं सांगते, दर अर्ध्या मिनिटाला माझी नजर पट्टीकडे. हिरवा. वेलची कुटली, हिरवा. कणीक मळली, हिरवा. पापणी लवली आणि तेवढ्यात निळा येऊन गेला तर? मग मी पापणीही जपून लवायला लागले. शाळेत एवढ्या परीक्षा घेतल्या, पण परीक्षेला बसलेल्याचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

साडेदहाला स्वयंपाक आवरला. हॉलमध्ये जाऊन पंखा, कूलर बंद केला, पितरांसाठी मांडलेल्या घागरीवर पाणी शिंपडलं आणि परत स्वयंपाकघरात आले. मिनिटाभरात सगळं घर लाल.

क्षणभर मला वाटलं, संपलं. आजच? अजून पाच मिनिटं थांबले. लालच. मोबाईलवर उद्धवरावांना फोन लावून उपयोग नव्हता, त्यांचं एक अक्षर मला कळलं नसतं. लाल पट्टीखाली उभी राहून मी विचार केला, आणि गणिताच्या बाईसारखाच केला. पट्टी बिघडली आहे आणि ती प्रामाणिकपणे तसं सांगते आहे. माझ्यावर विसंबू नको म्हणते आहे. मग आता माणसानं रुळाजवळ जाऊन उभं राहायचं. दुसरं काय?

मी लाकडी खुर्ची उचलली, फाटकाचं कुलूप काढलं आणि फाटक सताड उघडून खुर्ची मधोमध टाकली. डोक्यावर ओला टॉवेल घेतला. मांडीवर चिंचेची टोपली, हात रिकामे नकोत म्हणून. आणि बसले.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. वऱ्हाडातलं अखाजीचं ऊन माणसाला वाळवणासारखं वाळवतं. गल्लीतून येणारा-जाणारा बघून जात होता. शेवटी वर्षाली कमरेवर हात ठेवून समोर येऊन उभी राहिली.

"काहून बसल्या मॅडम उन्हात? डोस्कं फिरलं काय?"

एरवी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. चिंच वाळवते आहे, वारं खाते आहे. पण त्या उन्हात मला खोटं सुचेना.

"मले ऐकू येत नाई, वर्षाली," मी म्हटलं. "बेल ऐकू येत नाई. कुलदीप येऊन राह्यला. म्हणून दारात बसली."

बोलले आणि जीभ चावली. तीन वर्षं झाकलेली मूठ, उघडली ती भर चौकात.

वर्षालीनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "आमाले मालूम हाये ना, मॅडम."

"काय मालूम हाये?"

"हेच. साऱ्या गल्लीले मालूम हाये. उद्धवकाका घरोघरी सांगून गेलते, दोन-तीन वर्षं झाले. मॅडमच्या समोर येऊन बोला, तोंड उघडून बोला, पण त्याईले समजू देऊ नका. म्हणून त् आमी असे बोंबलतो. नाई त् मी काय अशी बोलते काय? माह्या सासूले इचारा, मी कशी बोलते."

आणि तिनं मला तिचं खरं बोलणं करून दाखवलं. ओठ जेमतेम हलले. मला काहीही कळलं नाही.

म्हणजे वऱ्हाडी माणूस तोंड उघडून बोलतो हा माझा मोठा सिद्धांत गेला चुलीत. आमची गल्ली माझ्यासाठी तोंड उघडून बोलत होती. दूधवाला, भाजीवाली, समोरचे खुशालराव, जे मुळात कोणाशी बोलत नाहीत, तेसुद्धा मला पाहिलं की जबडा वासायचे. मला वाटायचं, वयानं. मी वर्षालीसमोर तोंडावर टॉवेल धरला. ती आत गेली, तिची छत्री घेऊन आली आणि माझ्या खुर्चीला बांधून गेली.

एक वाजून गेल्यावर स्टेशनकडून ऑटो आला. कुलदीप उतरला. हातात पेढ्यांचा डबा. फाटक उघडं, मधोमध छत्रीखाली आई, हे पाहून तो जागीच थांबला. घड्याळ पाहिलं. बेलकडे पाहिलं. बेल दाबावी की नाही हे त्याला कळेना.

"आई, तू उन्हात काय करतेस?"

"सिग्नल बिघडला," मी म्हटलं. "म्हणून मी उभी राह्यली. पाच मिन्टांच्या आत दार उघडलं का नाई? सांग."

तो आत गेला. घर लालेलाल. त्यानं डबी पाहिली, पट्टी पाहिली आणि मग हॉलमधल्या बोर्डापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग वळला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि हसत हसत खाली फरशीवर बसला. नेटच्या मशीनचं बटन मीच बंद केलं होतं. पंखा, कूलर आणि त्यांच्या शेजारचं तिसरं. एकतीस वर्षं वर्गातून निघताना सगळी बटनं खाली पाडूनच बाहेर पडले मी, हाताला तीच सवय.

त्यानं बटन लावलं. थोड्या वेळानं घर हिरवं झालं.

"जिंकलीस तू," तो म्हणाला. "रहा इथेच. मी काही म्हणणार नाही."

मी पानं वाढली. पोळीवर तुपाची धार सोडली. तो जेवायला बसला, पण पैज हरलेल्या माणसासारखा चिडलेलाही नव्हता आणि आईचं घर वाचलं म्हणून खूशही नव्हता. खाली मान घालून पोळीचा एक तुकडा रसात बुडवत बसला. बुडवतो, काढतो, खात नाही. त्याचे ओठ हलत होते. तो काहीतरी सांगत होता आणि मी सवयीनं मान हलवायला लागले होते. तेवढ्यात मी थांबले.

"मले काई समजलं नाई," मी म्हटलं. "एक शब्द नाई. मान वर कर. तोंड दिसू दे. पुन्हा सांग."

त्यानं मान वर केली. पुण्यात सात वर्षं राहिलेला पोरगा, पण बोलला तो लहानपणच्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून, गल्लीतल्या लोकांसारखा.

"मी होळीले तुले चकित कराले नोतो आलो, आई. पाहाले आलतो. तुले खरंच ऐकू येते का नाई."

"काहून?"

"दिवाळी झाल्यावर मी फोन केलता. आठवते? प्रणालीले दिवस गेलते. आमी कोणाले सांगतलं नोतं. तीन महिने झाले की सांगू म्हटलं. त् राह्यलं नाई. पडलं. दवाखान्यातून घरी आलो आन् पहिला फोन तुले केला. दुसऱ्या कोणाले कराचा होता? स्पीकर चालू होता. ती बाजूले निजून होती."

मला त्याच्या ओठांवर पुढचं दिसण्याआधीच कळलं. तरी विचारलं.

"मी काय म्हटलं?"

"तू म्हटलं, हो का? वा, छान! गोड खा दोघं."

पानातली पोळी थंड झाली. मला रडूही आलं नाही. मी माझ्या जिभेला असा शाप दिला की तो इथे लिहिता येणार नाही. त्या फोनच्या वेळी मी कुठे होते, काय करत होते, काही आठवेना. बहुतेक अळूवडी करत असेन. बहुतेक स्वतःवर खूश असेन, की आजचाही फोन बसून गेला.

"आठ दिवस मी तुह्यावर रागात होतो," कुलदीप म्हणाला. "मंग एकदम डोस्क्यात आलं, की तुले ऐकूच आलं नसन. तिलेई समजावून सांगतलं. तिले पटलं. पण तवापासून ती तुह्या फोनवर येत नाई. मले बेलचं काई नाई वाटत, आई. तू पुण्याले असती त् मी समोर बसून सांगतलं असतं. मले फक्त तेच पाह्यजे होतं."

मी उठून त्याच्या पानाशेजारी फरशीवर बसले. माझा हात खरकटा होता, तरी त्याच्या डोक्यावरून फिरवला. केसांना रस लागला. चौतीस वर्षांचा पोरगा माझ्या खांद्याला डोकं टेकवून रडला आणि ते रडणं त्याच्या पाठीवर ठेवलेल्या माझ्या हाताला कळत होतं.

मग मी म्हटलं, "लाव तिले फोन. चेहरा दिसते तसा लाव."

"आत्ता? ती उचलणार नाही, आई."

"तू लाव."

दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा पडद्यावर प्रणाली आली. केस बांधलेले नव्हते. पोर वाळली होती. सहा महिन्यांत मी तिचा चेहरा पाहिला नव्हता, कारण चेहरा दिसणाऱ्या फोनवर माझं सोंग लगेच उघडं पडलं असतं म्हणून मीच तो टाळायचे. तिनं मला पाहिलं आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

"प्रणाली, थांब," मी म्हटलं. तिला समजेल अशा मराठीत, सावकाश. "मला ऐकू येत नाही. तीन वर्षांपासून येत नाही आणि मी ते लपवलं. तू तेव्हा जे सोसलंस त्यातलं मला काही कळलं नाही. मला आज कळलं. आत्ता, जेवताना. माझं चुकलं, बाळा."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. बाजूला बसलेला कुलदीप मला काहीतरी सांगायला लागला, ती हातांआडून काय म्हणते आहे ते. मी त्याला हातानं गप्प केलं.

"उद्याच्या गाडीनं येते मी," मी तिला म्हटलं. "दोन महिने राहीन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी नुसती तुझ्याजवळ बसेन."

तिनं तोंडावरचे हात काढले, ओढणीनं नाक पुसलं आणि होकारार्थी मान हलवली. मी विचारलं, "येऊ ना?" तिनं पुन्हा हलवली.

कुलदीप दुसऱ्या दिवशीची त्याची-माझी दोन तिकिटं बघायला उठला. मी बॅग काढायला आत गेले आणि कपाट उघडल्यावर सगळ्यात आधी कानाच्या मशीनची डबी बाहेर काढली.